लठ्ठपणाची साथ आणि आपले ताट : एक अभ्यास



प्रस्तुत लेखाचा विषय पाहून काही वाचकांना हसू येईल. ज्या समाजाच्या आजे-पणजांनी अर्धपोटी दिवस काढले, शिळ्या भाकरीच्या तुकड्यासाठी ज्यांना दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागले, त्या समाजाला लठ्ठपणावर पाठ कसला द्यायचा? तो तर शेठ-सावकारांचा आजार! हा समज आपल्यात अजून घट्ट आहे. तो चुकीचा कसा आहे, आणि उपासमारीतून वर आलेल्या घरांनाच या आजाराचा धोका अधिक का आहे, हे समजून घेण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम जगाकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ साली तज्ज्ञांची बैठक बोलावून लठ्ठपणाचा विचार एक जागतिक साथ म्हणून केला. साथ म्हटली की आपल्याला पटकी, देवी, प्लेग आठवतात. लठ्ठपणा शिंकेतून पसरत नाही, तरी तो एका देशातून दुसऱ्या देशात, शहरातून गावात, थोरांकडून मुलांत पसरतो, म्हणून हा शब्द योग्यच आहे. संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात १०० कोटींहून अधिक माणसे लठ्ठ होती. त्यांपैकी सुमारे ८९ कोटी प्रौढ आणि १६ कोटी ५ ते १९ वर्षांची मुले होती. १९९० नंतर प्रौढांतील प्रमाण दुपटीहून अधिक वाढले, तर मुलांमधील चौपट झाले.

आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. त्याच पाहणीत पाच वर्षांखालील दर तीन बालकांमागे एक बालक वयाच्या मानाने खुजे आढळले. म्हणजे एकाच देशात, एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच छपराखाली आई लठ्ठ आणि मूल कुपोषित असे चित्र आहे. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. भूक आणि लठ्ठपणा ही दोन विरुद्ध टोके आहेत असे आपण शाळेत शिकलो, पण वास्तवात ती एकमेकांची सख्खी भावंडे निघाली.

लठ्ठपणा मोजायचा कसा? बेल्जियमच्या क्वेटलेट नावाच्या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात एक सोपे गणित मांडले, तेच आज बीएमआय या नावाने वापरतात. वजन किलोमध्ये घ्यावे आणि त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १.६ मीटर, तर वर्ग २.५६. वजन ६४ किलो असेल तर भागाकार २५ येतो. पाश्चात्त्य मापाने हा माणूस नुकता उंबरठ्यावर आला. भारतीय डॉक्टरांच्या मापाने मात्र २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा. आपल्यासाठी माप कडक का, याचे उत्तर पुढे येईल. त्याहून सोपे साधन म्हणजे शिंप्याची फीत. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या पुढे गेली, की सावध व्हावे. हात-पाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. ती स्वतःला बारीकच समजतात.

काशीदचा किनारा

अलिबागहून चौल, रेवदंडा ओलांडून साळाव, कोर्लई, बोर्ली करीत मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर काशीद लागते. पुढे पांढरी वाळू आणि सुरूची झाडे, मागे फणसाडचे जंगल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातील सुरू, नारळ आणि सुपारीची अपरिमित हानी झाली, तरी मुंबई-पुण्याच्या माणसांची रीघ थांबलेली नाही. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर वडापाव, भजी, झटपट नूडल्स, बर्फाचा गोळा, पुडीतले वेफर्स आणि रंगीत शीतपेये यांची विक्री जोरात असते. आम्ही या टपऱ्यांना नावे ठेवणार नाही. शेती आतबट्ट्याची झाल्यावर अनेक घरांची चूल याच टपऱ्यांवर पेटली आहे. पण जे पर्यटक वर्षातून दोन दिवस खातो, ते टपरीवाल्याचे मूल रोज खाते, हे कोणी पाहत नाही.

या किनारपट्टीचे जुने ताट कसे होते? तांदळाची भाकरी किंवा नाचणीची. उकड्या तांदळाची पेज. कुळथाचे पिठले, वालाचे बिरडे, सुकट किंवा सुका बोंबील, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळे अशा रानभाज्या. तेल हाताने मोजून, साखर सणाला. या ताटाचे आम्हाला खोटे कौतुक करायचे नाही. ते गरिबीचे ताट होते. त्यात दूध नव्हते, फळ क्वचित, आणि आषाढात भांडी रिकामी असत. आपल्या घरांत तर चरबीचा तुकडाही जपून ठेवायची वस्तू होती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या अन्नाची जी नोंद केली आहे, ती वाचल्यावर जुन्या काळाचे गोडवे गाण्याची इच्छा कोणाला होणार नाही. मुद्दा एवढाच, की त्या ताटात कोंडा होता, कडधान्य होते, मासळी होती, आणि ते पचवायला दिवसभराचे काम होते. लावणीच्या वेळी बाई सात-आठ तास चिखलात वाकून उभी असे.

वरकस जमिनीवरची नाचणी-वरी मागे पडली. रास्त भाव दुकानातून तांदूळ-गहू येऊ लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. भुकेविरुद्धची ही मोठी जीत आहे आणि तिला कमी लेखणारा माणूस कधी उपाशी झोपलेला नसतो. परंतु पोट भातानेच भरू लागले, त्यावर स्वस्त तेल आले. आज खाद्यतेल आयात करण्यात भारत जगात पहिला आहे आणि त्या आयातीत पामतेलाचा वाटा मोठा आहे. तळण पूर्वी दिवाळीला होत असे, आता दर संध्याकाळी होते. दुसरीकडे जमिनी बंगल्यांना आणि रिसॉर्टला गेल्या. जो बाप नांगर धरत होता, त्याचा मुलगा फाटकापाशी खुर्चीवर वॉचमन म्हणून बसला. पगार वाढला, ही चांगली गोष्ट झाली. पण शरीराचे काम गेले, आणि भूक मात्र नांगराच्या काळातलीच राहिली.

हीच गोष्ट जगातील अनेक किनाऱ्यांवर घडली. प्रशांत महासागरातील नाउरू या चिमुकल्या बेटावर फॉस्फेटच्या खाणींनी पैसा आणला, मासेमारी व नारळबागा मागे पडल्या, डब्यातील आयात अन्न आले, आणि आज तेथील निम्म्याहून अधिक प्रौढ लठ्ठ आहेत. जपानच्या ओकिनावा बेटाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील म्हातारे दीर्घायुष्यासाठी जगप्रसिद्ध. रताळी, सोयाबीन, भाज्या, थोडी मासळी, आणि पोट आठ आणे-दहा आणे नव्हे तर बारा-तेरा आणेच भरायचे, अशी त्यांची रीत. दुसऱ्या महायुद्धानंतर १९७२ पर्यंत बेट अमेरिकेच्या ताब्यात होते. लष्करी तळांबरोबर डबाबंद मांस, बर्गर आणि मोटारी आल्या. २००० सालच्या आकडेवारीत ओकिनावाचे पुरुष आयुर्मानात जपानच्या ४७ प्रांतांपैकी २६ व्या क्रमांकावर घसरले. आजोबा शंभरी गाठत होते आणि नातू पन्नाशीत हृदयविकाराने जात होते. बेट तेच होते, वंशही तोच; बदलले होते ते ताट आणि पायांचे काम.

पुण्याचे संशोधन

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्यासाठी माप कडक का? याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडले, याचा विद्यार्थ्यांना अभिमान वाटावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे वजन सुमारे ३.५ किलो. पुण्याची बाळे सर्व बाजूंनी लहान असतील अशी कोणाचीही अपेक्षा. स्नायू आणि पोटातील अवयव लहान होतेही. पण कातडीखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त, असे हे बाळ. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या वैद्यकशास्त्राला त्याची दखल घ्यावी लागली.

पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. यंत्राने मोजले तेव्हा युडकिनसाहेबांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दोघेही वरून सडपातळच दिसत होते. एवढे एक चित्र शंभर भाषणांच्या तोडीचे आहे.

याचा अर्थ काय? गर्भातच अन्न तुटपुंजे मिळाले, की शरीर मेंदूला आणि चरबीला आधी जपते, स्नायूंना मागे ठेवते. दुष्काळाच्या घरात ही काटकसर उपयोगी पडते. पण ते मूल मोठे होऊन भरल्या ताटावर आणि खुर्चीवर बसले, की तेच शरीर मिळालेला प्रत्येक घास पोटाभोवती साठवते, आणि तिशी-चाळिशीतच मधुमेह गाठतो. हॉलंडमध्येही असेच दिसले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी तेथे अन्न तोडले होते. त्या वेळी ज्यांच्या आया गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत उपाशी होत्या, त्यांच्यात पुढे तरुणपणी लठ्ठपणा अधिक आढळला.

आपल्या समाजाने तर एक हिवाळा नव्हे, शेकडो वर्षे उपासमार सोसली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडी आणि मिलो ज्वारीवर जगलेल्या स्त्रियांची मुले आज पन्नाशीत आहेत. म्हणूनच आम्ही म्हणतो, की आपल्या माणसाचे सुटलेले पोट हे केवळ त्याच्या जिभेचे पाप नाही. त्यात त्याच्या आजीची भूकही आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी मधुमेही आणि पोटाचा लठ्ठपणा असलेले सुमारे ३५ कोटी लोक असल्याचा अंदाज निघाला. परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेहाने आयुष्याच्या शेवटच्या दशकात किती छळले, हे आपण जाणतो. मधुमेह्याला किंवा जाड मुलाला हसणे, त्याला ढोल्या म्हणणे, हे आपल्या घरांतून आधी बंद झाले पाहिजे.

कोसल देशाचा राजा

आश्चर्य असे, की जाड माणसाला न हसता त्याचे वजन उतरवल्याची एक अतिशय जुनी नोंद पाली वाङ्मयात आहे. संयुत्तनिकायातील कोसलसंयुत्तात ती दोणपाक सुत्त म्हणून येते. कोसलनरेश प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात जेवत असे. एकदा जेवून, धापा टाकीत तो भगवंतांजवळ येऊन बसला. भगवंतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही, उपवासही सांगितला नाही. प्रमाण ओळखून जेवणाऱ्याच्या हिताची एक गाथा म्हटली. राजामागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती पाठ करायला सांगितली, आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणून दाखवण्याबद्दल रोजचे शंभर कहापण लावून दिले. राजा हळूहळू उतरत नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला.

या कथेकडे आम्ही भक्तीने नव्हे, अभ्यासकाच्या नजरेने पाहू इच्छितो. राजा हुशार होता, त्याला उपदेश पटला होता. तरीही ताट समोर आल्यावर आपण तो विसरू, हे त्याने ओळखले आणि स्वतःच्या मनोनिग्रहावर भिस्त ठेवली नाही. त्याने ताटाजवळ माणूस उभा केला. घट एकदम केली नाही, क्रमाक्रमाने केली. ‘भोजने मत्तञ्ञुता’ म्हणजे भोजनातील मात्रा जाणणे. ती एका माणसाच्या निश्चयावर सोडली तर टिकत नाही. तिला भोवतालची व्यवस्था लागते. उरुवेलेत सहा वर्षे देह कष्टवून पाहिल्यावर सुजाताची खीर स्वीकारणाऱ्या शास्त्याने उपासमारीचाही मार्ग नाकारला होता. महिन्यात दहा किलो उतरवून देणाऱ्या जाहिरातींना बळी पडणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींनी हे आठवावे.

अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच दिसले. वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यातील अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्हींत साखर, चरबी, मीठ सारखेच ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. पुडीतल्या अन्नाच्या काळात तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक अधिक खात होती. माणसे तीच, निश्चय तोच. मग दोष कोणाच्या इच्छाशक्तीला द्यायचा?

मग करावे काय?

औषधांपुरते थोडक्यात सांगतो. भूक कमी करणारी आठवड्याची नवी इंजेक्शने २०२५ साली भारतात आली. ती गुणकारी आहेत, पण महाग आहेत, आणि बंद केली की वजन परत चढते. ज्याला डॉक्टरांनी सांगितले त्याने जरूर घ्यावीत. समाजाचा प्रश्न त्यांनी सुटणार नाही.

व्यायामाबद्दल एक गैरसमज दूर करावा. एका वडापावात सुमारे ३०० उष्मांक असतात आणि तासभर झपाझप चालून साधारण २५० खर्च होतात. म्हणून खाऊन चालत सुटणे हा वजन उतरवण्याचा मार्ग नव्हे. तरीही चालावे, कारण चालण्याने साखर, रक्तदाब, झोप आणि मन सुधारते. आमच्या भगिनींना संध्याकाळी निर्धोकपणे चालता येईल असा रस्ता गावात नाही, ही खरी अडचण आहे. ग्रामसभेत दिव्यांची मागणी करताना हे कारणही मांडावे.

सुदर्शनाचे काम आज कायद्याने करायचे असते. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी खरेदी सुमारे ६ टक्क्यांनी घटली. चिली देशाने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पुड्यांवर काळे अष्टकोनी शिक्के मारले आणि अशी पेये लोक पूर्वीपेक्षा बरीच कमी घेऊ लागले. निरक्षर आईलाही काळा शिक्का वाचता येतो. आपल्याकडे गोड शीतपेयांवर ४० टक्के कर आहे, हे ठीक. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, फरसाण, चॉकलेट आणि झटपट नूडल्स यांवरील कर ५ टक्क्यांवर आणला गेला. एका हाताने लगाम आणि दुसऱ्या हाताने चाबूक, असा हा प्रकार आम्हाला वाटतो.

एक नियम मात्र आपल्या हाती आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकण्यास व त्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर आपले जे सभासद आहेत, त्यांनी ५० मीटरची दोरी घेऊन एकदा मोजून पाहावे. टपरीवाल्याशी भांडू नये. त्याला त्याच जागी उकडलेली अंडी, शेंगा, चणे, शहाळे, काकडी, कोकम विकता येईल का, हे त्याच्याशी बसून ठरवावे. त्याचेही मूल त्याच शाळेत असते.

आता घरचे. शंभर मिलिलिटर शीतपेयात साधारण दहा ग्रॅम साखर असते. लहान बाटलीतच दिवसाचा कोटा संपतो, कारण २०२४ च्या राष्ट्रीय आहार-मार्गदर्शिकेने दिवसाला २० ते २५ ग्रॅम साखर एवढीच मर्यादा घातली आहे. तेल माणशी दिवसाला २५-३० ग्रॅम धरले तर चार माणसांच्या घरात महिन्याला तीन-साडेतीन किलोत भागले पाहिजे. किती लागते ते पिशव्या मोजून पाहावे. आणि एक गोष्ट माउलींसाठी. सर्वांचे झाल्यावर जेवायचे आणि पातेल्यात उरलेले टाकवत नाही म्हणून संपवायचे, ही सवय भुकेच्या काळाने लावली. अन्नाचा तो मान योग्यच होता. पण आज पातेले रिकामे करण्याचे ओझे एकट्या आईच्या कमरेवर का? माप मोजून शिजवावे, सर्वांनी एकत्र बसावे. डाळ, अंडे, मासळी तिच्या ताटात आधी पडावी, विशेषतः ती गरोदर असेल तेव्हा. पुण्याचे संशोधन हेच सांगते, की पुढच्या पिढीच्या मधुमेहाचा प्रतिबंध गर्भातच सुरू होतो. मुलीचे लग्न आणि पहिले बाळंतपण लांबवणे हाही लठ्ठपणावरचा उपाय आहे, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तसे आहे.

शेवटी संस्थांच्या कार्यक्रमांविषयी. जयंती, वर्षावास समाप्ती, धम्मचक्र प्रवर्तन दिन या दिवशी बुंदी, जिलबी आणि थंड पेयांच्या पेट्या वाटण्याची चढाओढ लागली आहे. ज्यांना गोड मिळत नव्हते त्यांनी ते अभिमानाने वाटले, यात आम्हाला दोष दिसत नाही. पण १९२७ साली याच जिल्ह्यात महाडला ज्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला, त्याच्या स्मृतिदिनी तरी स्वच्छ पाण्याचे माठ ठेवून बाटल्या टाळता येतील. बुद्धपौर्णिमेची खीर वाटीभर ठेवावी, नाचणीची केली तर उत्तम. आणि मंडपाच्या प्रवेशद्वारी एक टेबल, वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि दोन फिती. पुरुषांना पुरुष, स्त्रियांना पडद्याआड स्त्री कार्यकर्ती मोजेल. आकडा वहीत नाव न घालता लिहावा, ज्याचा त्याला चिठ्ठीवर द्यावा, आणि ९० किंवा ८० च्या पुढच्यांना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासण्यास सांगावे. आरोग्य सेविकेला आणि आशाताईंना आधी कळवले तर त्या दिवशी तपासणी तेथेच होऊ शकते. इयत्ता नववी-दहावीचे विद्यार्थी हे मोजमाप आणि भागाकार सहज करू शकतील.